एक जादा वेढा

बोट धक्क्याला लागली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि सिस्टरचं डोकं पहाटेपासून तापलेलं होतं.

सिस्टर हे तिचं नाव नव्हे. एकतीस वर्षं तिने एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. पोट शिवायच्या आधी गॉझचे तुकडे, सुया, चिमटे मोजायचे आणि आकडा जुळल्याशिवाय कितीही मोठ्या डॉक्टरला पुढचा टाका घालू द्यायचा नाही, हे तिचं काम. शेजारपाजारचे, दूधवाला, खुद्द जावईसुद्धा तिला सिस्टरच म्हणायचे. नवरा तेवढा ‘अगं’ म्हणायचा. नवरा भूगोलाचा मास्तर. निवृत्त झाला, वर्ग गेला, फळा गेला, पण शिकवणं काही सुटलं नाही. फक्त आता वर्गात एकच विद्यार्थिनी उरली होती.

त्या निवृत्तीतूनच ही बोट निघाली. जुनी, बत्तीस फुटी, एक शीड आणि एक दमेकरी इंजिन. किनाऱ्याकिनाऱ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि चाळिसाव्या दिवशी घरी परत, असं मास्तरांनी नकाशावर पट्टी ठेवून समजावलं होतं. आज एक्केचाळिसावा दिवस होता आणि घर रोज थोडं थोडं लांबच चाललं होतं.

धक्क्यावर उतरून दोर बांधायचा, हे काम तिचं. मास्तर सुकाणू सोडायचे नाहीत. तिने खुंटाला दोर घातला, गाठ मारली, ओढून पाहिली.

“आली का शेपटीवाली,” मास्तर मागून म्हणाले.

सतरा बंदरं झाली होती आणि सतराही ठिकाणी हा विनोद झाला होता. गाठ मास्तरांनीच शिकवलेली. पण ते उजवे, ती डावरी. समोर उभं राहून शिकली, त्यामुळे सगळी गाठ उलटी बसली. शिवाय थिएटरातली सवय. टाक्याला एक जादा वेढा दिला की तो ओला झाला तरी सरकत नाही. तो जादा वेढा तिच्या बोटांतून आपोआप पडायचा आणि गाठीच्या बाजूला दोराचं एक आखूड टोक वर उभं राहायचं.

“जगात अशी गाठ मारणारी तू एकटीच,” मास्तर म्हणायचे. “कुठल्या पुस्तकात सापडायची नाही.”

एरवी ती हसून सोडून द्यायची. आज हसली नाही, आणि हे मास्तरांच्या लक्षात आलं नाही.

झालं होतं असं. पहाटे किनारा जवळ आला तशी मास्तरांच्या फोनला रेंज आली. बोटीवर फोन एकच, त्यांचा. तिचा नवव्या दिवशी पाण्यात गेला, तोही त्यांच्याच हातून, सूर्योदयाचा फोटो काढताना. आणि एका बोटीला एक फोन पुरतो असं म्हणून त्यांनी तो विषय तिथेच मिटवला. ती खाली बटाटे सोलत होती. वर मास्तर मुलीशी बोलत होते. मुलीचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी आणखी तीन आठवडे सांगितले होते, आणि पहिल्या बाळंतपणाला आई जवळ हवी, एवढं एकच त्या पोरीने मागितलं होतं.

“अगं, मी आणतोच म्हणत होतो,” मास्तर सांगत होते. “पण आईच म्हणते, सासूबाई आहेत की तुझ्या तिकडे. तिला बोटीवरच बरं वाटतंय. समुद्र मानवलाय तिला. मी काय करणार?”

सिस्टरच्या हातातली सुरी थांबली.

तळपायाची आग मस्तकाला गेली, तरी ती वर गेली नाही. खोटं बोलले याचा राग होताच. त्याहून मोठा राग असा, की किती सहज बोलले. त्यामागे चौतीस वर्षांचा सराव होता. पाहुण्यांकडे ‘हिला चहा नकोय’, लग्नात ‘हिला गर्दी सोसत नाही’, इस्पितळात मेट्रन व्हायची वेळ आली तेव्हा ‘हिलाच जबाबदारी नको होती’. मास्तरांनी आपल्या सोयीची एक बायको मनात तयार करून ठेवली होती आणि गावभर तिच्या वतीने बोलत हिंडत होते. खरी खाली बटाटे सोलत बसलेली.

बोट बांधून झाल्यावर ती इंजिनपाशी गेली. मास्तर पोटावर आडवे होऊन फळीखाली डोकं घालून होते.

“अहो, मी इथे उतरतेय. बसने जाते मुलीकडे.”

“हं,” आतून आवाज आला. “तेरा नंबरचा पाना दे.”

तिने पाना दिला. मागितलेली वस्तू हातात ठेवायची सवय इतकी जुनी, की राग आला तरी हात थांबला नाही, आणि त्याचा तिला आणखी राग आला.

“ऐकलंत का? मी पुढे येत नाहीये.”

“बाराला भरती आहे, बाराला सुटायचं. त्याच्या आत कपडे धुऊन घे. इथे गोडं पाणी आहे.”

“मुलीला काय सांगितलंत पहाटे?”

“अगं, काहीतरी सांगावं लागतं माणसाला.” डोकं काही बाहेर आलं नाही. “बारा म्हणजे बारा हं.”

तिने पिशवी भरली. दोन जोड कपडे, औषधांचा डबा, चष्मा, आणि बाळासाठी विणायला घेतलेला पिवळा स्वेटर. अंग झालं होतं, एक बाही झाली होती, दुसरीपुरती लोकर शिल्लक होती. खालच्या काठावर अंगठ्याएवढा काळा डाग होता. विसाव्या दिवशी मास्तरांनी फडकं समजून डिझेलचा हात पुसलेला. डाग निघाला नव्हता. ‘बाळाला काय कळतंय’ असं तेव्हा त्यांचं म्हणणं पडलं होतं.

बाराला मी नसेन, ती मनाशी म्हणाली. बघू या शोधतात का. तोंडाने एकदा सांगून झालं होतं, आता दुसऱ्यांदा सांगायची तिची तयारी नव्हती.

धक्का संपला की एक रस्ता सरळ वर जात होता. डाव्या हाताला बर्फाचा कारखाना, त्याच्या दारातून वाहणारं गार पाणी, पुढे बंदर कचेरी, कचेरीसमोर बसथांब्याचा खांब. खांबावर पत्र्याची पाटी होती: दिवसातून एक बस, साडेबारा. उजव्या हाताला खलाशांसाठी बांधलेलं विश्रांतिगृह. दुमजली, चुन्याने पांढरं केलेलं. खाली न्हाणीघरं आणि कपडे धुवायचे दगडी हौद, वर एक खोली.

दारात स्टुलावर बसून एक बाई टॉवेलांच्या घड्या घालत होती. पन्नाशीची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने मान वर न करताच विचारलं, “साबण विसरलात वाटतं?”

“कुठला साबण?”

बाईने वर पाहिलं. आधी तोंडाकडे, मग पिशवीकडे. “नाही, आत्ताच तर वर गेलात.”

“मी आत्ता बोटीवरून येतेय, मावशी,” सिस्टर म्हणाली. इस्पितळातल्या झाडलोट करणाऱ्या बायांना ती मावशीच म्हणायची, तीच हाक तोंडात आली.

“हो हो,” मावशी म्हणाली, तापलेल्या माणसाशी वाद न घालणाऱ्या आवाजात, आणि तिने टॉवेल पुढे केला.

सिस्टरने अंघोळ केली, सवयीने बोटीवरून आणलेल्या चादरीच्या गाठोड्यातले दोघांचे कपडे धुतले. मास्तरांचेही धुतले, हे लक्षात आल्यावर शेवटचा शर्ट तिने पिळायच्या ऐवजी हौदावर आपटला. डोक्यावरची निळी कापडी टोपी काढून भिंतीच्या खुंटीला अडकवली आणि ओले कपडे घेऊन मागच्या अंगणात गेली.

अंगणात दोन भिंतींच्या मध्ये वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. तिने पहिल्या दोरीवर चादर टाकली, टोकापर्यंत ओढून नेली, आणि भिंतीतल्या कडीशी तिचा हात थांबला.

कडीला मारलेली गाठ उलटी होती. तिला एक जादा वेढा होता आणि बाजूला आखूड शेपूट उभं होतं.

तिने दुसरी कडी पाहिली. मग तिसरी. मग जे आयुष्यभर केलं तेच केलं, मोजलं. सात दोऱ्या, चौदा कड्या, चौदा गाठी. सगळ्या तिच्या. काही दोऱ्या बऱ्यापैकी नव्या होत्या, पण कोपऱ्यातली एक इतकी जुनी होती की ऊनपावसाने पांढरी पडून गाठीचा दगड झाला होता. तिने नख घालून पाहिलं. नख मोडलं, वेढा हलला नाही.

पहिल्यांदा तिला भीती वाटली नाही, राग आला. उभ्या जन्मात एक गोष्ट अशी होती जी फक्त तिची होती, चुकीची का असेना, आणि तीही इथे भिंतीला चौदा वेळा टांगलेली.

“मावशी, या दोऱ्या कुणी बांधल्या?”

मावशी दारातूनच म्हणाली, “वरच्या बाईंनी.”

“कोण वरच्या बाई?”

“राहतात इथे. बोटीवरून उतरल्या होत्या, तुमच्यासारख्याच.”

“कधी?”

“मी कामाला लागले तेव्हा होत्याच. माझी मुलगी तेव्हा पाळण्यात होती.” मावशीने टॉवेल झटकला. “मागच्या वर्षी तिचं लग्न झालं.”

“मला भेटायचंय त्यांना.”

“आहेत की वर. नसल्या तर बसा, येतील. सावली आहे तिथे.”

जिना लाकडी होता आणि पायऱ्या मधोमध झिजलेल्या. खोलीचं दार उघडं, आत कुणी नव्हतं. एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी, भिंतीत एक लांब फळी. खाटेवरच्या चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशात दुमडून गादीखाली दाबलेले, इस्पितळात दाबतात तसे. सिस्टर उंबऱ्यावरच उभी राहिली. तिने स्वतःला समजावलं की नर्सा जगात ढिगाने आहेत, डावऱ्या बायकाही कमी नाहीत, आणि कुणी कुणाकडून काय शिकेल हे सांगता येत नाही. हे तिला पटलं. मग तिने फळी पाहिली.

फळीवर स्वेटर रचले होते. डावीकडे सगळ्यात लहान, मग त्याहून मोठा, मग त्याहून मोठा. तिने मोजले, तेवीस. शेवटचा कुणा रुंद खांद्याच्या मोठ्या माणसाला झाला असता. एकही वापरलेला नव्हता. घड्यांच्या कडा कडक होत्या.

तिने डावीकडचा पहिला उचलला. लोकर एके काळी पिवळी असावी, आता सायीच्या रंगाची झाली होती. दोन्ही बाह्या पुऱ्या. खालच्या काठावर अंगठ्याएवढा डाग होता, काळ्याचा तपकिरी झालेला. तिने तो नाकाशी नेला. वास गेला होता.

त्याच्या शेजारचा लाल होता, वर्षाच्या पोराला होईल एवढा, पुढे पाच लाकडी बटणं लावलेला. तो मात्र तिने कधी विणलेला नव्हता.

पिशवीतला स्वेटर काढून शेजारी धरायचं तिच्या मनात आलं. तिने पिशवीला हात लावला नाही.

खालून कचेरीच्या घड्याळाचे टोल आले. बारा. ती खिडकीशी गेली. तिथून अख्खा धक्का दिसत होता, मधे झाड नाही की भिंत नाही. खिडकीच्या चौकटीवर, कोपर टेकावं अशा जागी, लाकूड झिजून खोलगट झालं होतं. तिचं कोपर बरोबर तिथे बसलं आणि तिने ते चटकन उचललं.

बोटीवर मास्तर सुकाणूपाशी उभे होते. इंजिन सुरू होतं. आता वळतील, ती मनात म्हणाली. आता घड्याळ बघतील, आता खाली वाकून हाक मारतील. हाक मारून उत्तर आलं नाही तर उतरतील. उतरलेच पाहिजेत. तिला पुढे जायचं नव्हतं, बोटीवर परत पाय ठेवायचा नव्हता, पण चौतीस वर्षांनंतर निदान दहा पावलं तरी चालून त्या माणसाने तिला शोधावं, एवढं तिला हवं होतं. दहा नाही तर पाच. तिने मनातल्या मनात पाचसुद्धा मान्य केली.

मास्तरांनी डावा हात न वळता मागे हलवला. दोर सोड, अशी ती खूण. चाळीस दिवस ती त्या पाठीकडे बघून दोर सोडत आली होती.

खुंटापाशी एक बाई वाकली.

निळी कापडी टोपी. काखेत धुतलेल्या कपड्यांचं, चादरीत बांधलेलं गाठोडं. तिने डाव्या हाताने शेपूट धरलं, जादा वेढा आधी सोडवला, मग गाठ एका हिसक्यात मोकळी केली. ती गाठ मास्तरांना कधी सोडवता आली नव्हती. ते चाकू मागायचे. बाईने दोर कोपरावर गुंडाळला आणि ती सरावाच्या पायाने बोटीत चढली.

मास्तरांनी मागे पाहिलं नाही.

सिस्टर जिना उतरली. रस्ता उतरली. बर्फाच्या पाण्यावरून तिचा पाय सरकला, ती गुडघ्यावर आपटली, उठली, धावली. धक्क्याच्या टोकाला पोहोचली तोवर मधे पाणी आलं होतं, हाक पोहोचेल एवढंच.

“अहो!”

इंजिनाच्या आवाजात मास्तरांना ऐकू गेलं नाही. बाईला गेलं. ती वळली. टोपीच्या सावलीत तोंड नीट दिसलं नाही. तिने थोडा वेळ धक्क्याकडे पाहिलं, ड्यूटी संपलेली नर्स वॉर्डाकडे पाहते तसं, आणि ती खाली गेली. बटाट्यांची टोपली खालीच होती.

बंदर कचेरीत एक कारकून रेडिओपुढे बसून पेन्सिलीला टोक काढत होता. सिस्टरच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. तिने एका दमात सांगितलं: ती बोट माझी, नवरा माझा, माझ्या जागी भलतीच बाई चढली आहे, त्यांना परत बोलवा.

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, बाहेर बोटीकडे पाहिलं आणि रेडिओचं बटण दाबलं. बोटीला हाक दिली. किती माणसं आहेत, विचारलं.

“दोन,” मास्तरांचा आवाज खरखरत आला. खूश होता. “मी आणि बायको. सगळं ठीक.”

सिस्टरने कारकुनाच्या हातातून यंत्र ओढून घेतलं. “अहो, मी इथे कचेरीत आहे. मागे वळून बघा. एकदा मान वळवून बघा, तुमच्या बोटीवर कोण आहे.”

खरखर झाली.

“नीट ऐकू येत नाही,” मास्तर म्हणाले. “अगं, बघ गं जरा, कोण बोलतंय. मी सुकाणूवर आहे.”

मग यंत्रातून एक बाईचा आवाज आला. शांत, नेमका, आकडा जुळल्यावर डॉक्टरला सांगताना लागतो तसा. सिस्टरने तो आवाज फक्त आतून ऐकलेला होता. बाहेरून कसा लागतो ते तिला आत्ता कळलं.

“कुणी नाही हो. बंदरातलं काहीतरी.”

बटणाचा आवाज आला. 

कारकून खुर्ची मागे सरकवून उभा राहिला होता.  टेबलावरचा फोन त्याने तिच्याकडे सरकवला. मुलीचा नंबर पाठ होता, तेवढी एक गोष्ट मास्तरांच्या फोनवर सोपवायची राहिली होती. 

“हॅलो, मी बोलतेय. आई.”

“काय गं?” मुलगी म्हणाली. “विसरलीस का काही? आत्ताच तर ठेवलास.”

सिस्टरने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. “काय म्हणाले मी आत्ता?”

“असं काय करतेस?” मुलीचा आवाज दुखावलेला होता. “म्हणालीस ना, बोटीवरच बरं वाटतंय. सासूबाई आहेत की तिकडे म्हणालीस. मला पहाटे बाबांचं खरंच वाटलं नव्हतं. पण तूच म्हणालीस, म्हणजे काय बोलणार मी?”

“ती मी नव्हते. मी येतेय तुझ्याकडे. आज बसने निघते. बाबा पुढे गेलेत बोट घेऊन.”

“बाबा तुझ्याशेजारी होते की. हसत होते.”

“बाळा, माझं ऐक. ती मी नव्हते.”

 मुलगी अगदी हळू, रुग्णाशी बोलावं तसं बोलली. हे बोलणं ती आईकडूनच शिकली होती.

“आई, उन्हात होतीस का? पाणी पी बरं. आणि फोन जरा बाबांना दे.”

बाहेर हॉर्न वाजला. खिडकीतून बस दिसली; थांब्याशी थबकली, कुणी हात केला नाही, पुढे गेली. सिस्टर रिसीव्हर टाकून दारापर्यंत पोहोचली तेव्हा रस्त्यावर धुरळा होता. परत येऊन तिने नंबर फिरवला. लाइन व्यस्त होती. पुन्हा फिरवला. व्यस्त. मुलगी कुणाशी बोलत असेल हे तिला कळत होतं. बोटीवरून आई तिला समजावत असणार, की मगाशी असंच जरा उन्हाने झालं, काळजी करू नकोस.

चार वाजेपर्यंत तिने पंचवीस वेळा फोन लावला. पुढे पुढे तर तो वाजेनाच. कारकून म्हणाला, “कचेरी बंद करायचीय बाई,” आणि तिने त्याच्यावर इतका आवाज चढवला की तो दारातच उभा राहिला. कचेरी मात्र बंद झाली.

मावशी स्टुलावरच होती. सिस्टरच्या गुडघ्यावर तिने न विचारता ओलं फडकं ठेवलं.

“ती तुमची वरची बाई,” सिस्टर म्हणाली, “माझी बोट, माझा नवरा, माझी मुलगी घेऊन गेली.”

“गेल्या का अखेर,” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, एखाद्या जुन्या पेशंटला डिस्चार्ज मिळाला म्हटल्यावर असतं तेवढंच समाधान होतं. “बरं झालं. फार वर्षं काढली.”

“मी उद्या जातेय. साडेबाराच्या बसने.”

“जा की. त्याही उद्याच्याच बसने जाणार होत्या.”

“कधीच्या उद्याच्या?”

मावशीने फडकं पिळलं. “रोजच्या.”

“मी त्यांच्यासारखी नाहीये,” सिस्टर म्हणाली. आवाज चढला, भिंतीवर आपटून परत आला. “मी जाणार म्हणजे जाणार. मुलीला तीन आठवडे आहेत. मला कुणी थांबवू शकत नाही, कळलं का? कुणी म्हणजे कुणी नाही.”

मावशीने मान हलवली, सगळं मान्य असल्यासारखी, आणि जुडग्यातली एक किल्ली सोडवून तिच्या हातात ठेवली.

वरच्या खोलीत ऊन तिरपं आलं होतं. मावशीने चादर बदललेली, खुर्ची खिडकीशी सरकवलेली. फळी रिकामी होती. तेवीसच्या तेवीस स्वेटर गेले होते आणि फळी नुकतीच ओल्या फडक्याने पुसलेली दिसत होती. एका कडेला अजून ओल होती.

सिस्टर खुर्चीत बसली. राग जात नव्हता. तो कशावर तरी काढायलाच हवा होता, नाहीतर डोकं फुटलं असतं. तिने पिशवीतून पिवळा स्वेटर काढला, सुया काढल्या आणि उरलेल्या लोकरीवर दुसरी बाही घातली. बोटं भराभर चालू लागली. उद्या बसमध्ये बसायच्या आत ही बाही पुरी करायची आणि बाळासाठी न्यायची, असं तिने ठरवलं. कोपर कधी चौकटीवर टेकलं ते तिला कळलं नाही.

बाही संपली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता आणि लोकर बरोबर पुरली होती. तिने शेवटचा धागा ओवला, गाठ मारली, एक जादा वेढा दिला. स्वेटर ठेवायला ती फळीकडे वळली.

फळी अगदीच रिकामी नव्हती. उजव्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, लाल लोकरीचा एक गुंडा होता, अजून कागदाची पट्टीही न काढलेला. त्याच्याशेजारी लाकडी बटणं ठेवलेली होती.

तिने ती सवयीने मोजली. पाच होती. आकडा जुळत होता.